डोळ्याच्या नसेभोवतीची गाठ: कापायची, शेकायची की नुसती बघत राहायची?

प्रश्न डोंबिवलीच्या एका ताईंचा आहे. त्यांच्या आई ४८ वर्षांच्या, लालबागला राहतात, घरी शिवणकाम करतात. वर्षभर डाव्या डोळ्याने धुरकट दिसतंय. चष्म्याचा नंबर दोनदा बदलून झाला. मध्ये ‘नसेला सूज आहे’ म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या झाल्या, त्याने तीन आठवडे बरं वाटलं आणि पुन्हा जैसे थे. शेवटी कॉन्ट्रास्टचा एमआरआय झाला आणि रिपोर्टात ‘ऑप्टिक नर्व्ह शीथ मेनिन्जिओमा’ असं नाव आलं, म्हणजे डोळ्याच्या नसेच्या आवरणातली, कॅन्सर नसलेली गाठ. जानेवारीत ६/१२ असलेली नजर आता ६/२४ आहे (खालचा आकडा जितका मोठा, तितकी नजर कमी). एक सर्जन म्हणतात काढून टाकू. डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात साधी गाठ आहे, सहा महिन्यांनी या. तिसरे म्हणतात रेडिएशन घ्या. ताई विचारतात, तिघांत बरोबर कोण? तुकडा काढून तपासत का नाहीत? आणि हे माझ्या मुलीला होईल का?

ताई, मी मुंबईत सत्तावीस वर्षं न्यूरो-ऑफ्थॅल्मॉलॉजी करतोय, म्हणजे डोळा आणि मेंदू यांच्यामधल्या रस्त्याचे आजार बघतो. तुम्ही लिहिलंय त्यावरून माझं उत्तर रेडिएशन, आणि तेही येत्या काही आठवड्यांत. कारण नजर उतरतेय आणि ते आकड्यांत दिसतंय. हाच एमआरआय असता, पण नजर वर्षभर ६/९ला टिकून असती, तर मीही ‘थांबू या, पण तीन-चार महिन्यांनी या’ म्हटलं असतं. आणि डोळ्याची नजर पूर्ण गेलेली असती, डोळा विद्रूप दिसण्याइतका पुढे आलेला असता किंवा गाठ कवटीच्या आत सरकून दुसऱ्या डोळ्याच्या वाटेवर निघालेली असती, तर सर्जनचं ऐका म्हणालो असतो. तिघांचंही उत्तर कुणा ना कुणा पेशंटसाठी बरोबर आहे, तुमच्या आईंसाठी एकाचंच.

सर्जन ‘काढून टाकू’ म्हणाले की घरच्यांना हायसं वाटतं, हे मी रोज बघतो. गाठ म्हटली की ती शरीरात नको. म्हणून आधी हे समजून घ्या की इथे काढणं एवढं अवघड का.

डोळ्याची नस ही खरं तर मेंदूचाच पुढे आलेला पदर. साधारण पाच सेंटिमीटर लांब, आत दहा-बारा लाख तंतू, आणि हातापायांच्या नसांतले तंतू पुन्हा वाढू शकतात, तसे हे तुटले तर वाढत नाहीत. मेंदूभोवती जी आवरणं असतात तीच या नसेवरून थेट डोळ्याच्या गोळ्याच्या मागच्या बाजूपर्यंत येतात. आई शिवणकाम करतात तर त्यांना असं सांगा: नस म्हणजे हात, आवरण म्हणजे अस्तर लावलेली बाही, आणि ही गाठ अस्तरात उगवलीय. हाताला काही झालेलं नाही, पण बाही आतून जाड होऊन त्याला आवळतेय. मग अस्तर उसवून टाकलं की झालं, असं कुणालाही वाटेल. अडचण अशी की नसेला रक्त पुरवणाऱ्या केसाएवढ्या वाहिन्या त्याच अस्तरातून आत शिरतात आणि गाठही त्यांच्यावरच पोसली जाते. गाठ सोलायला गेलं की या वाहिन्या जातात, आणि नस जागच्या जागी मरते. सर्जनचा हात कितीही हलका असला तरी. डोळ्यात थोडीफार नजर शिल्लक असताना असं ऑपरेशन केलं तर ती नजर बहुतेक वेळा त्याच दिवशी जाते. म्हणून ‘काढून टाकू’ म्हणणाऱ्या डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: ऑपरेशननंतर या डोळ्याने दिसेल का? प्रामाणिक सर्जन या प्रश्नाचं सरळ उत्तर देतो.

तुकडा का काढत नाहीत याचंही कारण हेच. बायॉप्सीची सुई किंवा चिमटा त्याच अस्तरात जाणार. पोटातली गाठ असती तर मी स्वतः आधी तुकड्याचा रिपोर्ट मागितला असता. इथे चित्र नेमकं असेल तर स्कॅनवरच निदान करायचं आणि त्यावरच उपचार ठरवायचे, ही जगभरची रीत आहे.

मात्र चित्र नेमकं असायला हवं. आता यावर जरा सविस्तर लिहितो, कारण वर्ष वाया जातं ते इथेच.

दादरच्या फुलबाजारात हार करणाऱ्या एक मावशी माझ्याकडे आल्या होत्या. तक्रार काय, तर ‘शेवंती एका डोळ्याने पिवळी दिसते, दुसऱ्याने मळकी.’ तक्ता वाचायला दिला तर शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत वाचला, म्हणजे नजर जवळपास ठीक. त्याआधी दोन ठिकाणी ‘मोतीबिंदूची सुरुवात’ असं सांगून परत पाठवलं होतं. पण मोतीबिंदूत रंग असा एकाच डोळ्यात आणि इतका विटत नाही. नसेवर दाब आला की अक्षरांच्या आधी रंग फिका पडतो. माझ्या टेबलावर औषधाच्या बाटलीचं एक लाल टोपण कायम पडलेलं असतं. एक डोळा झाकून दाखवायचं, मग दुसरा. ‘दोन्ही लाल, पण हे विटकरी’ असं पेशंट म्हणाला की माझी पाठ ताठ होते. हे टोपण तुम्ही घरीही वापरू शकता.

दुसरी तपासणी टॉर्चची. खोलीत अंधार करायचा, पेशंटने लांब बघायचं, आणि उजेड एका डोळ्यावरून दुसऱ्यावर, पुन्हा पहिल्यावर असा झुलवायचा. दोन्ही नसा सारख्या असतील तर बाहुल्या सारख्याच आवळलेल्या राहतात. एक नस मंद असेल तर त्या डोळ्यावर उजेड आला की बाहुली आवळायच्या ऐवजी पसरते. उजेड पडतोय आणि बाहुली मोठी होतेय, हे उलटं दृश्य एकदा पाहिलं की विसरता येत नाही. दहा सेकंदांचं काम आहे, फुकट आहे, आणि डोळ्यात बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर करता येत नाही. आपल्याकडे कंपाउंडर पेशंट बसल्या बसल्या थेंब घालतो आणि ही तपासणी तिथेच बुडते. तुमच्या आईंचा नंबर दोनदा बदलला, त्यातल्या एखाद्या वेळी टॉर्च मारला होता का, मला शंका आहे.

लक्षणांत आणखी एक गोष्ट विचारून बघा. बाजूला बघताना क्षणभर काळोख होतो का? एक बाई सांगायच्या, लोकलच्या खिडकीतून स्टेशनची पाटी बघायला डोळा बाहेरच्या बाजूला वळवला की तो डोळा बंद पडतो, समोर आणला की पुन्हा चालू. नसेभोवती गाठ असली की डोळा वळवताना नस ताणली जाते आणि तिचा रक्तपुरवठा तेवढ्यापुरता अडतो. हे सगळ्यांना होत नाही, पण असेल तर विचार याच बाजूने करायचा.

पडदा तपासताना आम्ही नसेचं तोंड बघतो. आधी ते सुजलेलं असतं, पुढे फिकट पांढरं पडत जातं. काहींत त्याच्या काठावर वेड्यावाकड्या जास्तीच्या शिरा दिसतात. मधली मोठी शीर गाठीने दाबली गेली की रक्त आडवाटेने बाहेर पडतं. हिंदमाताला पाणी तुंबलं की टॅक्सीवाला जशी आतली गल्ली धरतो, तसं. फिकट नस, उतरलेली नजर आणि या शिरा, तिन्ही एकत्र दिसलं की निदान जवळपास झालंच. पण पुस्तकातलं हे त्रिकूट प्रत्यक्षात थोड्याच पेशंटमध्ये पूर्ण सापडतं, त्यासाठी थांबून राहू नये.

स्टेरॉइडबद्दल माझी स्वतःची चूक सांगतो. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत चाळिशीच्या एका शिक्षिकेला मी नसेची सूज म्हणून स्टेरॉइड दिलं. नजर सुधारली, मी खूश. गोळ्या कमी केल्या तशी नजर उतरली, पुन्हा वाढवल्या, पुन्हा सुधारली. असे आठ महिने गेले. ब्रेनचा साधा एमआरआय ‘नॉर्मल’ होता आणि मी त्या कागदावर विश्वास ठेवला. मेनिन्जिओमाभोवतीची सूज स्टेरॉइडने तात्पुरती ओसरते, हे मला पाठ होतं, सुचलं मात्र नाही. नसेची खरी सूज, म्हणजे ऑप्टिक न्यूरायटिस, बहुतेक तरुणांत येते, डोळा हलवला की दुखतं, काही दिवसांत नजर घसरते आणि काही आठवड्यांत आपणहून वर यायला लागते. पंचेचाळिशीत, न दुखता, महिनोन्महिने हळूहळू उतरणारी नजर म्हणजे न्यूरायटिस नव्हे. तेव्हापासून स्टेरॉइड थांबवल्यावर नजर पडली की मी गोळी वाढवत नाही, स्कॅन पुन्हा करतो.

आणि तो स्कॅन योग्य मागायला हवा. नुसतं ‘एमआरआय ब्रेन’ लिहून चालत नाही. डोळ्याच्या खोबणीत नसेभोवती चरबी असते, ती स्कॅनवर पांढरी चमकते आणि गाठही कॉन्ट्रास्टने चमकते, म्हणजे पांढऱ्यात पांढरं. त्यासाठी चरबीची चमक दाबणारा, पातळ कापांचा, कॉन्ट्रास्टसह ऑर्बिटचा, म्हणजे डोळ्याच्या खोबणीचा, एमआरआय लागतो. त्यात लांबीने बघितलं तर नस काळसर रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंना गाठीच्या दोन चमकत्या रेघा, अगदी रेल्वेच्या रुळांसारख्या. आडवा काप घेतला तर मेदूवड्यासारखं कडं आणि मध्ये नस. तुमच्या रिपोर्टात असं काही वर्णन आहे का बघा. सीटी स्कॅनमध्ये याच कड्यात चुन्याचे कण दिसले तर खात्री वाढते. कॉन्ट्रास्टच्या आधी किडनीसाठी क्रिएटिनिन तपासतात, आईंना मधुमेह असेल तर आधीच सांगा.

नसेभोवती असंच कडं सार्कॉइड नावाच्या सुजेच्या आजारात, क्षयात, आवरणाच्या नुसत्या सुजेत किंवा दुसरीकडच्या कॅन्सरच्या पसरण्यातही दिसू शकतं. आपल्या शहरात क्षय विसरून चालतच नाही. म्हणून छातीचा फोटो, काही रक्ततपासण्या आणि स्त्रियांत स्तनांची तपासणी मी करून घेतोच. एवढं करूनही शंका राहिली तर डोटाटेट पेट स्कॅन मदतीला येतो. मेनिन्जिओमाच्या पेशी त्यातलं द्रव्य आवडीने पकडतात. नजर गेलेली आणि निदानही अनिश्चित, अशा वेळीच बायॉप्सीचा विचार करतो.

आईंना एक गोष्ट विचारा, जरा अवघड वाटली तरी. पाळीसाठी, अंगावरून जास्त जातं म्हणून किंवा कुटुंबनियोजनासाठी हार्मोन घेतलेत का? या गाठीच्या पेशींवर प्रोजेस्टेरॉन या स्त्री-हार्मोनला पकडणारे रिसेप्टर असतात. फ्रान्समधल्या नोंदींवरून २०२४मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनचं इंजेक्शन वर्षाहून जास्त घेतलेल्या स्त्रियांत मेंदूच्या मेनिन्जिओमाची ऑपरेशनं जास्त आढळली. आपल्या सरकारी दवाखान्यांत ‘अंतरा’ नावाने मिळतं ते हेच इंजेक्शन. एरवी ते घेणाऱ्या बाईने घाबरायचं कारण नाही, धोका मुळात फार लहान आहे. पण गाठ सापडलेल्या बाईने स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून ते बदलावं. हा आजार स्त्रियांत पुरुषांपेक्षा बराच जास्त दिसतो, त्यातही चाळिशी-पन्नाशीत.

आता शेकाबद्दल. परळला टाटाच्या आवारात कुणीही ‘रेडिएशन’ म्हणत नाही, ‘शेक चालू आहे’ म्हणतात, पण त्यात शेकासारखं काही लागत नाही, दुखत नाही, टेबलावर दहा-पंधरा मिनिटं पडून राहायचं. नसेला झेपेल अशा बेताने एकूण ५० ते ५४ ग्रेपर्यंतचा (ग्रे म्हणजे रेडिएशन मोजायचं माप) डोस छोट्या हप्त्यांत देतात, रोज सुमारे १.८ ग्रे. म्हणजे २८ ते ३० वेळा, सोमवार ते शुक्रवार, साधारण सहा आठवडे. ‘एका बैठकीत संपवणारं मशीन आहे’ असं कुणी सांगेल. तसं मशीन आहे आणि इतर ठिकाणच्या गाठींसाठी उत्तमही आहे, पण डोळ्याची नस एका दमात ८ ते १० ग्रेच्या वर सहन करत नाही. जी नस वाचवायची तिलाच गाठीने विळखा घातलेला असताना हा जुगार मी खेळू देत नाही.

आधी मोल्ड रूममध्ये चेहऱ्याचा मास्क करतात. गरम पाण्यात मऊ केलेली जाळी चेहऱ्यावर ओढून बसवतात, ती दोन-चार मिनिटांत कडक होते. पुढे रोज तोच मास्क घालून डोकं टेबलाला पक्कं करतात, कारण दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी किंवा पडदा मारात येतो. बंद जागेची भीती वाटणाऱ्या पेशंटला पहिले दोन दिवस जड जातात. आईंना मास्क आधी हातात घेऊन बघू द्या, त्याला सगळीकडे भोकं असतात, श्वास घेता येतो.

प्रोटॉन, म्हणजे एक्स-रेऐवजी प्रोटॉन कणांचा शेक, हवंच का, असं हल्ली सगळे विचारतात. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटाच्याच दुसऱ्या केंद्रात, ही सोय झालीय. लहान मुलांत, किंवा गाठ आत पसरून आजूबाजूचा मोठा भाग वाचवायचा असेल तर तिचा फायदा आहे. तुमच्या आईंच्या वयात, एवढ्याशा गाठीसाठी, नीट आखलेलं आयएमआरटी, म्हणजे गाठीच्या आकाराला धरून दिलेलं एक्स-रेचं रेडिएशन, पुरतं, आणि प्रोटॉनच्या रांगेत तीन महिने घालवण्यापेक्षा ते पुढच्या आठवड्यात सुरू झालेलं बरं. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा. रेशन कार्ड आणि आधार बरोबर ठेवा.

अपेक्षा काय ठेवायची? बहुतेकांची नजर जिथे आहे तिथे थांबते, बऱ्याच जणांची सुधारते, कधी शेक चालू असतानाच आणि कधी पुढच्या काही महिन्यांत. दोन-तीन वर्षं फिकट पडून गेलेल्या नसेत मात्र फारसं परत येत नाही. त्याचा अंदाज ओसीटीवर, म्हणजे पडद्याच्या थरांच्या स्कॅनवर, तंतूंचा थर किती उरलाय यावरून लागतो. पण वर्षाने एमआरआय होईल तेव्हा गाठ तेवढीच दिसेल, हे आत्ताच लिहून ठेवा. दर वर्षी कुणीतरी रिपोर्ट घेऊन रडत येतं, ‘डॉक्टर, सगळं करून गाठ तिथेच आहे.’ मी फील्डचे, म्हणजे डोळ्याला आजूबाजूचं किती दिसतं त्या तपासणीचे, दोन कागद शेजारी ठेवतो आणि मधला काळा डाग आधी केवढा होता नि आता केवढा आहे ते दाखवतो. वाढायची थांबलेली गाठ आत राहिली तरी चालते.

त्रासही सांगतो. त्या बाजूच्या कपाळावरचे थोडे केस जाऊ शकतात, डोळा कोरडा पडतो, थकवा येतो, पुढे मोतीबिंदू लवकर येऊ शकतो. क्वचित काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पडद्याला किंवा नसेला इजा होते; मधुमेह आणि ब्लडप्रेशर ताब्यात नसेल तर धोका वाढतो. पिट्युटरी जवळ असेल तर वर्षातून एकदा हार्मोन तपासायचे.

तुमच्या मुलीचा प्रश्न. एकाच डोळ्याला, मध्यम वयात आलेली ही गाठ सहसा घराण्यात चालत नाही. दोन्ही डोळ्यांना असेल, किंवा पेशंट लहान वयाचा असेल तर एनएफ-२ नावाचा जनुकीय आजार तपासावा लागतो, त्यात कानाच्या नसेवरही गाठी येतात. मुलांमध्ये नसेची जी गाठ जास्त दिसते ती वेगळीच. तिचं नाव ग्लायोमा, ती अस्तरात नसून नसेच्या आतच असते, आणि बऱ्याचदा एनएफ-१ हा वेगळा जनुकीय आजार असलेल्या मुलांत दहा वर्षांच्या आत येते. अंगावर दुधाच्या चहाच्या रंगाचे सहा किंवा जास्त डाग असलेलं मूल असेल तर नजरेची तक्रार नसली तरी त्याचे डोळे नियमित तपासायला हवेत. त्यातल्या बऱ्याच गाठींना काहीच करावं लागत नाही. नजर उतरायला लागली तर किमोथेरपी देतात. अशा मुलांना शेक शक्यतो टाळतात, कारण त्यांच्यात पुढे मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसण्याची आणि दुसऱ्या गाठी होण्याची भीती असते. म्हणजे तुमच्या आईंसाठी जो उपाय पहिला, तो या मुलांसाठी शेवटचा. नावात ‘डोळ्याच्या नसेची गाठ’ एवढंच वाचून एकाच्या उपचाराचा सल्ला दुसऱ्याला देऊ नये.

शिवणकामाचं काय, हे तुम्ही विचारलं नाही, पण आई विचारतील. एका डोळ्याची नजर कमी झाली की खोलीचा अंदाज जातो. सुईत दोरा ओवताना सुई हुकते, चहा ओतताना कपाच्या बाहेर पडतो, लोकलमधून उतरताना फलाटाची फट चुकते. दोन-तीन महिन्यांत मेंदू बरंच जुळवून घेतो. तोवर चहा ओतताना किटलीचं तोंड कपाच्या काठाला टेकवायचं आणि दोरा ओवायला यंत्र वापरायचं. उजव्या डोळ्यासाठी नंबर नसला तरी पॉलिकार्बोनेटचा चष्मा करून घ्या, कारण मशीनची सुई तुटून उडते आणि आता तो डोळा त्यांच्यासाठी दोन डोळ्यांचा आहे.

माझ्याकडे या किंवा दुसऱ्या कुणाकडे जा, एमआरआयच्या फिल्मबरोबर सीडीही न्या, फिल्मवर आठ-दहाच चित्रं छापलेली असतात. चष्म्याचे जुने नंबर, आधीचे फील्ड, जानेवारीचा ६/१२ लिहिलेला कागद, सगळं तारखेप्रमाणे लावून न्या. फील्ड या आठवड्यात पुन्हा काढा आणि सकाळी, पोटात काहीतरी घालून काढा. दुपारच्या जेवणानंतर त्या अंधाऱ्या खोलीत ठिपक्यांची वाट बघत बघत पेशंट झोपतात, आणि मग झोपेला आम्ही आजार समजतो.